खानेसुमारींतील वेडे

मनोविकारांची राष्ट्रव्यापी मोजणी ही कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नव्हे. १८८१ सालच्या खानेसुमारींत आंधळे, मूकबधिर व महारोगी यांच्याबरोबर वेड्यांचीही नोंद झाली, व ती प्रथा १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनीं चालू राहिली. मुंबई असो वा नीरेकांठचें अकलूज असो, रीत एकच : घरच्या कर्त्या माणसास विचारावयाचें, व तो सांगेल तें लिहावयाचें. आंधळेपण डोळ्यांस दिसतें. वेडाची परीक्षा गणनाकारानें कशी करावी? शिवाय लग्नाची मुलगी घरांत असतां तिच्या भावाचें वेड कोणता बाप आपण होऊन लिहवून देईल? अशा लपवालपवीची तक्रार खानेसुमारीच्या अहवालांतच वारंवार आढळते. १९४१ सालीं हें सदर ठेवलेंच नाहीं.

पुढें २०११ च्या जनगणनेंत मनोरुग्णांचें स्वतंत्र सदर आलें. १२१ कोटींच्या देशांत ते सुमारें ७.२ लक्ष भरले, म्हणजे दहा हजारांत केवळ सहा! यानंतर चारपांच वर्षांतच, २०१५-१६ सालीं, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १२ राज्यांत पाहणी केली. तींत सुमारें ३९,५०० माणसें तपासलीं, व प्रत्येक प्रौढास स्वतंत्रपणें, ठराविक प्रश्नावलीनें विचारलें. तेव्हां प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांस कांहीं ना कांहीं मनोविकार असल्याचें दिसलें. केवळ तीव्र विकार घेतले तरी ते ०.८ टक्के, म्हणजे दहा हजारांत ऐशीं. दोन्ही मोजमापें तंतोतंत सारखीं नाहींत हें खरें; तथापि एवढी तफावत चारपांच वर्षांत वेड वाढल्यानें पडत नाहीं. प्रश्न कोणास व कसा विचारला, यानें ती पडली.

हा केवळ आंकड्यांचा वाद नव्हे. बहुतेक विकारांत दहांपैकीं सातांहून अधिक रोगी उपचारावांचून राहतात, असें त्याच पाहणींत आढळलें. खेदाची गोष्ट ही कीं, त्या १२ राज्यांत गुजरात व मध्यप्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. आपलीं जुनीं सरकारी मनोरुग्णालयें ठाणें, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथें. सोलापूर जिल्ह्यांत त्यांपैकीं एकही नाहीं. अकलूजच्या रोग्यास येरवडा गांठावयाचा तर दीडशें मैलांच्या आंतबाहेरचा प्रवास नसला तरी पुरा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि गांवांत बोभाटा होतो तो वेगळाच. ज्या दुःखाची नोंद नाहीं, त्याच्यासाठीं जवळ दवाखाना मागावयाचा तरी कशाच्या आधारें? म्हणून पुढील गणनाकार दारीं येईल तेव्हां खरें सांगणें, हें सुशिक्षित कुटुंबांचें पहिलें कर्तव्य होय.