वंशाधिकाराचे नागरिकत्व: इटलीच्या एका कायद्याची कुळकथा

इटलीचे राज्य १७ मार्च १८६१ रोजी घोषित झाले, तेव्हा सार्डिनिया, नेपल्स, टस्कनी अशा वेगवेगळ्या राजवटींखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली प्रजा एका छत्राखाली आली, आणि या प्रजेपैकी इटालियन कोणाला म्हणावे याचे उत्तर १८६५च्या नागरी संहितेने जन्मस्थळावरून न देता पित्यावरून दिले. इटालियन पित्याचे अपत्य जगात कोठेही जन्मले तरी ते इटालियनच, असा तो नियम होता. रोमन कायद्याच्या परिभाषेत त्याला ‘युस सांग्विनिस’ म्हणजे रक्ताचा हक्क म्हणतात. ज्या भूमीत जन्म झाला तिचे नागरिकत्व देणारे ‘युस सोली’ हे तत्त्व त्याच्या नेमके उलट आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात हा नियम जगावेगळा नव्हता. इटलीत त्याला जे असाधारण रूप आले, त्याचे कारण संहितेच्या कलमांत नसून जिनोआ आणि नेपल्सच्या बंदरांत शोधावे लागते.

१८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख लोक इटलीबाहेर पडले, आणि १९१३ या एकाच वर्षात हा आकडा ८ लाख ७० हजारांच्या वर गेला. त्यातील पुष्कळजण काही हंगाम काम करून परतले, तर बाकीचे कायमचे तिकडचे झाले. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी संपुष्टात आल्यावर साओ पावलोच्या कॉफीमळ्यांना मजुरांची निकड भासू लागली, आणि सरकारी खर्चाने मिळणाऱ्या बोटीच्या तिकिटावर व्हेनेतो प्रांतातील भूमिहीन शेतकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. अर्जेंटिनाच्या १८५३च्या राज्यघटनेने परदेशी रहिवाशांना नागरिकांचे सर्व दिवाणी हक्क दिले होते आणि नागरिकत्व घेण्याची सक्ती केलेली नव्हती. त्यामुळे ब्युनोस आयरिसमध्ये आयुष्य काढून, घरदार करूनही इटालियन राहणे सहज शक्य होते. अमेरिकेत मात्र तेथील नागरिकत्व स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण बरेच मोठे होते. या फरकाची किंमत चौथ्या पिढीला कळणार होती.

बाहेर गेलेल्या माणसाकडून घरी येणारा पैसा ही गरीब इटलीची मोठी आवक होती. १९०१ साली संसदेने देशांतरितांसाठी स्वतंत्र आयुक्तालय स्थापन केले आणि त्यांच्या पैशांची पाठवणी सुरक्षित व्हावी म्हणून ते काम बँको दि नापोली या बँकेकडे सोपवले. १३ जून १९१२चा नागरिकत्वाचा कायदा याच पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्याच्या सातव्या कलमाने असे ठरवले की, युस सोली पाळणाऱ्या देशात जन्मल्यामुळे ज्या इटालियन अपत्याला त्या देशाचे नागरिकत्व आपोआप मिळते, त्याचे इटालियन नागरिकत्व तेवढ्याने जात नाही. सज्ञान झाल्यावर त्याने ते स्वतः सोडले तरच जाते. एकाच माणसाला दोन देशांचे नागरिकत्व असणे ही त्या काळी संशयास्पद मानली जाणारी गोष्ट होती, तरीही इटलीने तिला दार उघडे ठेवले. यात मातृभूमीच्या मायेपेक्षा हिशेबाचा भाग अधिक होता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

हा वारसा किती पिढ्यांपर्यंत चालावा याविषयी मात्र कायदा काहीच बोलला नाही. आजोबाचा मुलगा इटालियन, म्हणून त्याचा नातू इटालियन, म्हणून त्याचा पणतूही इटालियन, अशी ही साखळी तत्त्वतः अनंत होती, आणि ती तुटण्याची मुख्य जागा एकच होती: एखाद्या पूर्वजाने आपल्या वारसाच्या जन्मापूर्वी परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले असेल तर तो इटालियन उरत नसे आणि पुढे काही देऊ शकत नसे. ‘स्वेच्छेने’ या अटीचा कस ब्राझीलमध्ये लागला. तेथील नव्या प्रजासत्ताकाने १८८९च्या डिसेंबरात फर्मान काढून, सहा महिन्यांत विरोध न नोंदवणाऱ्या सर्व परदेशी रहिवाशांना ब्राझिलियन ठरवले. परंतु मळ्यावरच्या मजुराच्या मौनाला संमती मानता येत नाही, अशी भूमिका नेपल्सच्या न्यायालयाने १९०७ साली घेतली आणि इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तीच कायम केली.

कायद्याचे दुसरे वैगुण्य अधिक खोल होते. वारसा पित्याकडूनच येई, आणि परदेशी पुरुषाशी लग्न करणारी इटालियन स्त्री, पतीचे नागरिकत्व तिला मिळत असेल तर, आपले गमावून बसे. १९७५ आणि १९८३ साली घटनात्मक न्यायालयाने या दोन्ही तरतुदी समानतेच्या विरुद्ध ठरवल्या, पण राज्यघटना १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आल्याने त्या आधीच्या जन्मांना प्रशासन हा लाभ देईना. परिणामी एकाच इटालियन आईचा १९४६चा मुलगा परका आणि १९४९ची मुलगी इटालियन, अशी स्थिती झाली. २००९च्या एका निकालाने ही भिंत पाडली, तरी वकिलातीतून नव्हे, तर केवळ न्यायालयात दावा लावूनच.

१६ ऑगस्ट १९९२पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वाला पूर्ण मुभा दिली. कागदपत्रांची रीत मात्र त्याआधीच, ८ एप्रिल १९९१च्या गृहखात्याच्या परिपत्रकाने घालून दिली होती. शासन अर्जदाराला नागरिकत्व बहाल करत नाही, जन्मापासूनच असलेले नागरिकत्व ओळखते, हे त्या रीतीचे गृहीतक होते. म्हणून सारा भार पुराव्यावर पडला. मूळ पुरुषाचा जन्मदाखला हा त्यातला पहिला कागद. १८६६पासूनच्या नोंदवह्यांत ठरलेल्या मायन्यात लिहिलेले असते की अमुक वयाचा, बहुधा शेतकरी असलेला बाप दोन साक्षीदारांसह नगराध्यक्षापुढे हजर झाला, अमुक रस्त्यावरील घरात अमुक वाजता झालेले बाळ त्याने समक्ष दाखवले आणि त्याला नाव दिले. शेवटी पुष्कळदा अशीही ओळ असते की, निरक्षर असल्याने बापाची सही नाही. त्याच बाळाचे जुझेप्पे हे नाव ब्राझीलच्या दफ्तरात जोझे होते, आडनावातील एखादे अक्षर गळते, आणि मग प्रत्येक पिढीच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या दाखल्यांत दुरुस्ती, प्रमाणीकरण व भाषांतर करत बसावे लागते. जुन्या पोर्तुगीज नोंदींवरून लिस्बनमध्ये जन्म नोंदवून घेणाऱ्या गोमंतकीयांना हा खटाटोप परिचित वाटेल. तेथे आधार १९ डिसेंबर १९६१पूर्वीच्या गोव्यातील जन्माचा असतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने तो मार्ग भारतीय नागरिकत्वावर पाणी सोडूनच जातो. इटलीच्या अर्जदाराला असे काही सोडावे लागत नव्हते.

वकिलातींतील रांगा वर्षानुवर्षे लांबत गेल्या, तेव्हा लोक न्यायालयांकडे वळले. २०२२पासून असे दावे पूर्वजाच्या जन्मगावच्या हद्दीतील न्यायालयात चालू लागल्यावर व्हेनिसच्या न्यायालयावर आणि डोंगराळ व्हेनेतोतील चिमुकल्या नगरपालिकांवर ब्राझीलच्या दाव्यांचा लोंढा आला. सुमारे तीन हजार वस्तीच्या व्हाल दि झोल्दो गावच्या नगराध्यक्षांनी तर पालिकेच्या इमारतीवर निषेधादाखल ब्राझीलचा झेंडा लावला. दुसरी तक्रार मतांची होती. परदेशस्थ नागरिकांना संसदेत स्वतःचे प्रतिनिधी निवडता येत असल्याने, इटलीत पाऊल न ठेवलेले मतदारही सरकारे घडवू शकत होते. २००६मध्ये रोमानो प्रोदी यांचे सिनेटमधील निसटते बहुमत अशाच जागांवर उभे होते.

२८ मार्च २०२५ रोजी सरकारने अध्यादेश काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. परदेशात जन्मलेल्या आणि दुसरे नागरिकत्व असलेल्या व्यक्तीला इटालियन नागरिकत्व कधी मिळालेच नव्हते असे समजावे, अशी त्याची भाषा आहे. आदल्या दिवसापर्यंत अर्ज वा दावा केलेल्यांना त्यातून वगळले आहे. जन्मापासून असतेच म्हणून जे एक शतकाहून अधिक काळ सांगितले गेले, ते एका रात्रीत कधीच नव्हते असे ठरवण्याचे हे कायदेशीर धाडस विलक्षणच म्हणावे लागेल. प्रमुख अपवाद दोन: आई किंवा वडील अपत्याच्या जन्मापूर्वी नागरिक या नात्याने सलग दोन वर्षे इटलीत राहिलेले असावेत, किंवा आईवडील वा आजीआजोबांपैकी कोणाचे तरी नागरिकत्व, हयात असल्यास आज आणि नसल्यास मृत्यूसमयी, केवळ इटालियन असावे. त्यामुळे ब्युनोस आयरिसमधील ज्या आजोबांनी अर्जेंटिनाचे नागरिकत्व कधी मागितलेच नाही त्यांची नातवंडे आजही पात्र ठरतात, आणि ज्यांचे आजोबा तिकडेच जन्मून दोन्ही देशांचे नागरिक झाले ती, पणजोबांचा निर्दोष जन्मदाखला हाती असूनही, अपात्र.