संगीत संशयकल्लोळ

संगीत संशयकल्लोळ हे गोविंद बल्लाळ देवल यांचे विनोदी संगीत नाटक होय. मोलिएर यांच्या फ्रेंच प्रहसनावर (१६६०) आर्थर मर्फी यांनी इंग्रजी सुखात्मिका रचली. तिच्यावरून देवलांनी आधी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिले. त्याचे संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले.

रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथे कृत्तिकेला सापडते आणि तिच्या हातात ती फाल्गुनरावाला दिसते. एवढ्यावरून पतिपत्नी परस्परांवर पाळत ठेवतात. टोमणे, उलटतपासणी आणि चढाओढीची उत्तरे हा नाटकाचा खरा रंग. शेक्सपिअरचे बिअ‍ॅट्रिस व बेनेडिक प्रेम थट्टेत दडवतात. हे दांपत्य ते संशयात दडवते. जोडीदार दुरावण्याची धास्ती नसती, तर इतके भांडण झालेच नसते.

मुख्य पुरुषपात्रांना महिन्यांची व स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे आहेत, ही देवलांची आणखी एक गंमत.

रेवती नायकिणीची मुलगी असल्याने तिच्यावरचा आळ मात्र हसण्यावारी जात नाही. कृत्तिकेचा संसार भांडूनही टिकतो. अश्विनशेठच्या संशयाने रेवतीचे लग्नच मोडू शकते.