आधीं डावा डोळा : अंजनविधीविषयीं एक टिपण

रघुवंशाच्या सातव्या सर्गांत अज राजा विदर्भाच्या राजधानींत प्रवेश करतो, तेव्हां त्याला पाहण्यासाठीं नगरांतील स्त्रिया हातचें काम टाकून गवाक्षांकडे धांवतात, हा प्रसंग संस्कृताच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. एकीचा केशपाश सुटलेला, एकीच्या पायांवरचा अळता ओला, एकीची नीवी सैल. त्यांतच एक स्त्री अशी आहे कीं, तिनें उजव्या डोळ्यांत अंजन घातलें आहे, डावा तसाच राहिला आहे, आणि हातांत शलाका घेऊनच ती खिडकीशीं गेली आहे. हा श्लोक प्रस्तुत लेखकानें सुमारें तीस वर्षें वर्गांत शिकविला. एके वर्षीं पुढच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, तिनें आधीं उजवा डोळा कां घेतला? आमच्या घरीं आधीं डावा घालतात." पाठ्यपुस्तकांत टीका दिलेली नव्हती. मीं "वृत्ताची सोय" असें उत्तर देऊन पुढचा श्लोक घेतला. तें उत्तर चूक होतें, व चूक असल्याचें मला निवृत्तीनंतर मल्लिनाथाची टीका सावकाश वाचतांना कळलें. त्या चुकीची भरपाई म्हणून हें टिपण लिहीत आहें.

मल्लिनाथ म्हणतो कीं, येथें उजव्या डोळ्याचा उल्लेख क्रम चुकल्याचें, म्हणजे त्या स्त्रीची घाई, दाखविण्यासाठीं आहे. कारण मनुष्यें आधीं डाव्या डोळ्यांत अंजन घालतात अशी श्रुति आहे. काव्याच्या टीकेंत, आणि तीही शृंगारिक प्रसंगावर, श्रुतीचा आधार यावा हें प्रथमदर्शनीं विलक्षण वाटतें. ती श्रुति कोठली, हें शोधूं गेल्यास वाचक तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडाच्या आरंभीं पोंचतो. विषय सोमयागांतील दीक्षेचा आहे. यजमानाचें केशवपन, स्नान, नवनीताचें अभ्यंजन हें झाल्यावर त्याच्या डोळ्यांत अंजन घालावयाचें असतें. इंद्रानें वृत्राला मारलें तेव्हां वृत्राची बाहुली गळून पडली व तिचें अंजन झालें, अशी कथा सांगून ब्राह्मणभाग विधीकडे वळतो. आणि येथें जी वाक्यें येतात तीं माझ्या मतें आपल्याकडील नेत्रप्रसाधनाच्या इतिहासांतील अत्यंत मोलाचीं वाक्यें आहेत.

दीक्षितानें आधीं उजवा डोळा घ्यावा, कारण मनुष्यें आधीं डावा घेतात. त्यानें अंजन चोळूं नये, कारण मनुष्यें चोळतात. त्यानें मोजकें घालावें, कारण मनुष्यें न मोजतां घालतात. त्यानें तुरा असलेल्या काडीनें घालावें, कारण मनुष्यें तुरा नसलेल्या काडीनें घालतात. दीक्षित हा त्या काळापुरता मनुष्यकोटींतून बाहेर पडलेला असतो. म्हणून प्रत्येक बाबतींत त्याचें वागणें लोकाचाराच्या उलट ठेवलें आहे. शतपथ ब्राह्मणांतही, तिसऱ्या कांडांत, याच क्रियेच्या जागीं शराच्या काडीचा उल्लेख असून, उजवा आधीं ही देवांची रीत व डावा आधीं ही माणसांची, असा भेद केला आहे.

याज्ञिकांना दीक्षिताचें अंजन सांगावयाचें होतें. लोकांचें सांगण्याची त्यांना गरज नव्हती. परंतु विधीचें समर्थन करतांना त्यांनीं प्रत्येक वेळीं लोकाचाराकडे बोट दाखविलें, आणि त्यामुळें यज्ञमंडपाबाहेरची माणसें डोळे कसे रंगवीत याचें चित्र नकळत टिकून राहिलें. तें असें : गुळगुळीत काडी, आधीं डावा डोळा, हवें तितकें अंजन, आणि मग बोटानें वा काडीनेंच तें पसरून चोळणें. हें चोळणें लक्षांत घेण्यासारखें आहे. केवळ औषध म्हणून डोळ्यांत घातलेलें द्रव्य चोळण्याचें विशेष कारण नाहीं. पापणीच्या कडेला काळी छटा मऊ उतरावी, ती रेघ वाटूं नये, म्हणून हात फिरविण्याचा हा प्रकार असावा, असा माझा तर्क आहे. तो कोणाला मान्य नसला तरी अपरिमित अंजन घालणारीं माणसें वैद्याच्या आज्ञेनें घालीत नव्हतीं, एवढें तरी मान्य करावें लागेल. आपल्याकडे अंजन हें प्रथम औषध होतें व पुढें ऱ्हासकाळीं तें शृंगाराचें साधन झालें, असें कित्येकदां वाचावयास मिळतें. संहिताकालींच चोळणारे व न मोजणारे लोक होते. मग तो ऱ्हास कोठून आणावा?

डाव्या डोळ्याच्या प्राधान्याचें कारण काय, याविषयीं कांहीं सज्जन स्त्रियांचें वामांग शुभ असतें हा मुद्दा पुढें करतात. तो येथें लागू पडत नाहीं. श्रुतींत मनुष्यें असा सामान्य शब्द आहे. स्त्रिया असा नाहीं. मल्लिनाथानेंही स्त्रीत्वाचा आधार घेतलेला नाहीं. शिवाय कालिदासाच्या मनांत खरोखरच हा क्रम होता काय, हा प्रश्न उरतोच. एक डोळा भरलेला व एक रिकामा एवढ्यानेंही लगबग पुरेशी दिसते. मल्लिनाथ बहुधा बरोबर आहे असें मला वाटतें, पण सिद्ध झालें असें म्हणवत नाहीं. हेच गवाक्षाचे श्लोक कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांतही आले आहेत, हें येथें नमूद करतों. तेथेंही उजवाच डोळा आधीं आहे.

त्याच सर्गांत पार्वतीच्या विवाहाची सजावट आहे, आणि तेथें अंजनाविषयीं एक मार्मिक गोष्ट कालिदास सांगतो. सजविणाऱ्या स्त्रियांनीं तिचे डोळे निरखून पाहिले, आणि काळें अंजन उचललें तें डोळ्यांची शोभा वाढेल म्हणून नव्हे, तर तें मंगल आहे म्हणून. अतिशयोक्ति बाजूला ठेवली तर यांतून दोन गोष्टी निघतात. एक, प्रसाधिका आधीं डोळा पाहत व मग काय घालावें, किती घालावें हें ठरवीत. दुसरी, शोभेसाठीं घालणें हीच सामान्य समजूत होती, म्हणून तर अपवाद सांगावा लागला. नाट्यशास्त्रांतील आहार्याभिनयांत डोळ्यांचें अंजन व ओठांचें रंजन हीं जोडीनें आलीं आहेत, तीही याच पंगतींतलीं. उलट मेघदूतांतील विरहिणी यक्षपत्नीचा डोळा अंजनाच्या स्निग्धपणाला मुकलेला आहे. येथला स्नेह शब्द लक्षांत ठेवावा : त्या अंजनांत तूप-तेल असे, कोरडी पूड नसे.

आतां वैद्यांकडे वळूं. सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या अठराव्या अध्यायांत अंजनाचे लेखन, रोपण व प्रसादन असे तीन प्रकार केले असून, गोळी, रसक्रिया व चूर्ण हीं तीन रूपें दिलीं आहेत. शलाकेचें त्याचें वर्णन कारागिराच्या हातीं देण्यासारखें आहे : लांबी आठ अंगुळें, मध्यें बारीक, दोन्ही टोकें कळीसारखीं व वाटाण्याएवढीं गोल, धरावयास सोपी, द्रव्य तांबें, दगड किंवा हाड. डाव्या हातानें पापणी ओढून धरावी, उजव्या हातांतील शलाका नाकाकडील कोंपऱ्यापासून कानाकडील कोंपऱ्यापर्यंत न्यावी व परत आणावी. रडून झाल्यावर, रागांत, भ्यालेला असतां, मद्य प्यालेला असतां, ज्वरांत व थकव्यांत अंजन घालूं नये, असाही निषेध आहे. चरकानें सौवीरांजन नित्य व रसांजन पांचव्या किंवा आठव्या रात्रीं स्रावासाठीं सांगितलें, आणि तीक्ष्ण अंजन दिवसा घालूं नये असें बजाविलें, कारण स्रावानें दुबळी झालेली दृष्टि सूर्याच्या तेजानें पीडित होते. सुश्रुताचा क्रम आंतून बाहेर व परत असा आहे. घरांत आजही काजळाची कोर बहुधा तशीच ओढतात. फक्त शलाकेच्या जागीं करंगळी किंवा अनामिका आली आहे.

द्रव्याचा घोळ मात्र जुना आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांतील अंजनसूक्तांत त्रैककुद व यामुन अशीं दोन नांवें येतात. पहिलें हिमालयांतील त्रिककुद् पर्वतावरून. शतपथ तें न मिळाल्यास दुसरेंही चालतें असें सांगतो, यावरून तें दुर्मिळ झालें असावें. अमरसिंह स्रोतोंजन, सौवीर, कापोतांजन व यामुन हे पर्याय एकत्र देतो. रसरत्नसमुच्चयकार मात्र सौवीर, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन व नीलांजन अशीं पांच अंजनें निराळीं धरतो. रसांजन तर खनिजच नव्हे. तें दारुहळदीच्या काढ्यापासून होतें. म्हणून एखाद्या पोथींत केवळ अंजन असें आल्यास तें कोणत्या कोशाच्या वा कोणत्या तंत्राच्या परंपरेंतलें, हें ठरविल्याशिवाय अर्थ लावूं नये.

इंग्रजी उत्खननवृत्तांतांत या काड्यांना सर्रास अँटिमनीच्या काड्या म्हणण्याची रूढि पडली आहे. तक्षशिलेवरील मार्शलच्या 1951 च्या ग्रंथांतही तें नांव आहे. बाजारांतला सुरमा पुष्कळदां अँटिमनीचा नसून शिशाच्या गंधकयुक्त खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा असतो, हें रासायनिक परीक्षणांत अनेक वेळां दिसून आलें आहे, आणि शिसें शरीरास अपायकारक असल्यानें असा सुरमा लहान मुलांच्या डोळ्यांत घालण्याविरुद्ध आजचे वैद्यक बजावतें. ईजिप्तमधील उदाहरण याहून बोलकें आहे. तेथें प्राचीन काळीं हिरव्या मॅलॅकाइटची छटा पापणीवर व काळ्या गॅलिनाची कड डोळ्याभोंवतीं असे. पुढें काळ्यानें हिरव्यास मागें टाकलें. लूव्हर संग्रहालयांतील कुप्यांत राहिलेल्या पुडीचें परीक्षण 1999 सालीं प्रसिद्ध झालें. तींत गॅलिना व सेरुसाइट यांच्यासह लॉरियोनाइट व फॉस्जेनाइट हीं शिशाचीं लवणें मिळालीं, व तीं मुद्दाम बनविलेलीं असावींत असा निष्कर्ष निघाला. इतक्या शतकांपूर्वीच्या प्रसाधकांची कृति समजली ती कुप्या कोणीं धुतल्या नाहींत म्हणून.

आपलें घरगुती काजळ याहून साधें. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा, कापसाची वात, वर पालथी धरलेली तांब्याची ताटली. तिच्यावर जमलेली काजळी तुपांत वा लोण्यांत खलून किंचित् कापूर घालावयाचा. कामसूत्राच्या औपनिषदिक अधिकरणांतील सुभगंकरणाचें अंजनही याच रीतीचें आहे, फक्त तेथें वात औषधांनीं माखलेली, तेल बेहड्याचें, आणि ताटलीच्या जागीं मनुष्याची कवटी! अंजन शब्द मराठींत आतां डोळे उघडण्याच्या वाक्प्रचारांत जाऊन बसला व शोभेचें काम काजळाकडे आलें, ही वांटणी केव्हां झाली तें जुन्या बाडांतूनच कळेल.

तीं बाडें व त्या डब्या आपल्यापैकीं कित्येकांच्या संग्रहीं आहेत. माझ्या आजीची दोन खणांची पितळी काजळडबी मला मिळाली, तेव्हां एका खणाच्या तळाशीं काळा थर घट्ट बसलेला होता. मीं चिंच व राख लावून ती लख्ख केली. ती आतां फार सुंदर दिसते, आणि तींत काय होतें हें कोणासही कधीं कळणार नाहीं. ज्यांच्यापाशीं अशा डब्या, करंडे वा शलाका न घांसलेल्या असतील त्यांनीं त्या तशाच ठेवाव्या. आणि वैद्यकाच्या पोथ्यांच्या समासांत, कोऱ्या पानांवर किंवा जमाखर्चाच्या पाठीमागें काजळाची वा अंजनवटीची कृति कोणीं टिपून ठेवलेली आढळल्यास, तिची अक्षरशः नक्कल, डोळ्याचा क्रम दिला असल्यास त्यासह, मंडळाकडे धाडावी, अशी विनंति आहे.