छापील जग कोणते निवडावे? काल्पनिक भूगोलांची पन्नास वर्षे आणि कागलचे एक टेबल

#धागा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा : आम्ही पाच मित्र, पाळ्या तीन, आठवड्यात एकच संध्याकाळ सामाईक. घरच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मोहीम मांडायची आहे. बाजारात छापील जगे पुष्कळ आहेत. त्यांतले कोणते घ्यावे?

प्रश्न खरेदीचा वाटतो. उत्तर मात्र इतिहासातच शोधावे लागते, म्हणून हा धागा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती एक सूत्रधार बसतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करते ते खेळाडू तोंडी सांगतो. कृती फळेल की फसेल याची शंका असेल तेथे फासे पडतात. लिखित संहिता नसते. आपल्याकडे याचा सर्वांत जवळचा नातलग कोकणातले दशावतारी नाटक. तेथेही आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे जन्मतात. हे साधते याचे कारण एकच : रावण कोण आणि नारद कसा बोलेल, हे नटाला आणि प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. पुराण ही सर्वांची सामाईक जमीन असते. छापील काल्पनिक जग म्हणजे तशीच जमीन कृत्रिमरीत्या तयार करण्याचा उद्योग होय.

गंमत अशी की या उद्योगाची सुरुवात कोणतेही जग न देता झाली. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील लेक जिनीव्हा गावच्या टीएसआर या छोट्या प्रकाशनाने गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. दोघांचीही स्वतःची जगे होती. आर्नेसनचे ‘ब्लॅकमूर’ १९७१ पासून आणि गायगॅक्सचे ‘ग्रेहॉक’ त्यानंतर लवकरच चालू होते. पण पेटीत होते फक्त नियम. जग ज्याने त्याने रचावे, दुसऱ्याने रचलेले कोण विकत घेईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्येक सूत्रधाराने विश्वामित्र व्हावे आणि आपापली प्रतिसृष्टी उभारावी!

हिशेब दोनच वर्षांत चुकला. १९७६ मध्ये ‘जजेस गिल्ड’ने एका काल्पनिक नगरराज्याचे तयार नकाशे आणि वर्णने विक्रीस काढली व ती खपली. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांना विश्वामित्राइतकी फुरसत नव्हती. १९८० मध्ये टीएसआरने ‘ग्रेहॉक’ही छापले : एक लहानशी पुस्तिका, दोन भले मोठे नकाशे आणि एकेका राज्याविषयी जेमतेम परिच्छेदभर मजकूर. आजही अनेक जुने खेळाडू त्या कंजूषपणाचे कौतुक करतात, आणि मला ते पटते. परिच्छेद संपतो तेथे सूत्रधाराला जागा मिळते.

त्याआधी, १९७५ मध्ये, टीएसआरनेच एक विलक्षण जग प्रसिद्ध केले होते : एम. ए. आर. बार्कर यांचे ‘टेकुमेल’. बार्कर हे भाषाशास्त्रज्ञ, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक. उर्दू व बलुची शिकवणारी पाठ्यपुस्तके त्यांच्या नावावर आहेत. टेकुमेलमध्ये युरोपीय किल्ले आणि सरदार नाहीत. तेथे कुळे आहेत, देवळे आहेत, प्रतिष्ठेच्या बारीक उतरंडी आहेत आणि व्याकरणासकट रचलेली भाषा आहे. भारतीय वाचकाला हे जग चटकन ओळखीचे वाटावे. पण २०२२ मध्ये त्यांच्या वारशाची व्यवस्था पाहणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केले की, टोपणनावाने १९९१ साली प्रसिद्ध झालेली एक नवनाझी कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती. २०१२ मध्ये ते वारले होते. उत्तर मागायला कोणी उरले नव्हते. जग निवडताना आपण नकाशासोबत नकाशा काढणाऱ्याची नजरही घरात आणतो, हे इतके उघडपणे क्वचितच दिसते. ज्यांनी दशकानुदशके टेकुमेल खेळले होते, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करून पाहा.

पुढची काही जगे भराभर. १९८४ चे ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांसह आले. त्यातले नायक पुस्तकात जिवंत राहणार असल्याने टेबलावरही त्यांना सहजी मरू देता येत नव्हते. खेळाडू दुसऱ्याच्या कथेतले भाडेकरू झाले. १९८७ चे ‘फरगॉटन रेल्म्स’ हे एड ग्रीनवुड या कॅनेडियन ग्रंथालय-कर्मचाऱ्याने लहानपणापासून रचलेले जग. आज ते सर्वांत परिचित आहे आणि सर्वांत दाटलेलेही. प्रत्येक खेडे, प्रत्येक खानावळ कुठेतरी छापून गेली आहे. टेबलावर एखादा व्यासंगी बसला की सूत्रधाराला वाक्यागणिक दुरुस्त्या ऐकाव्या लागतात.

आता इतिहासप्रेमींचा अपेक्षित आक्षेप : परकी जगे हवीतच कशाला? मराठ्यांचा इतिहास काय कमी आहे?

कमी मुळीच नाही, अडचण निराळी आहे. शेवट सर्वांना माहीत असतो, म्हणजे ड्रॅगनलान्सचाच पेच दसपट होतो. शिवाय आदर आड येतो. फासा उलटा पडला म्हणून एखाद्या थोर ऐतिहासिक व्यक्तीची फजिती झाली, असे आपल्या टेबलावर कोण मोकळेपणाने खेळेल? खेळाडू जपून बोलू लागतात, आणि जपून बोलणारा दशावतारी नट जसा फसतो तसा खेळ फसतो. काल्पनिक नावाचा पडदा मधे असला की तोच इतिहास निर्भयपणे हाताळता येतो.

म्हणून कागलच्या मित्रांना मी ‘एबेरॉन’ सुचवीन.

२००२ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली. सुरुवातीला प्रत्येकाने एका पानात आपले जग मांडायचे होते. ११००० हून अधिक प्रवेशिका आल्या. निवड झाली कीथ बेकर यांच्या कल्पनेची, आणि २००४ मध्ये एबेरॉन प्रसिद्ध झाले. त्याची पार्श्वभूमी अशी : एका अखंड साम्राज्याचा राजा मरतो. थोरल्या मुलीचा वारसाहक्क तीन भावंडे नाकारतात. साम्राज्याचे पाच तुकडे होतात आणि सुमारे शंभर वर्षे युद्ध चालते. खेळ सुरू होतो तो तहानंतर दोन वर्षांनी, जेव्हा सगळे दमलेले आहेत आणि कोणीच समाधानी नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला, आणि सातारा-कोल्हापूर ही दोन राज्ये १७३१ च्या वारणेच्या तहाने कायम झाली. ती वारणा याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. पुढे कोल्हापूर संस्थानाच्या आतही विशाळगड, बावडा, कापशी, इचलकरंजी आणि खुद्द कागल अशा जहागिऱ्या होत्या; कागलकर घाटग्यांच्या घरातला मुलगा १८८४ मध्ये दत्तक गेला आणि राजर्षी शाहू झाला. एकाच गावावर कोणाचा किती अधिकार, हा गुंता नकाशाच्या रंगांत मावत नाही. सूत्रधाराने एबेरॉनच्या सरदारांमध्ये हा गुंता खुशाल ओतावा.

दुसरे कारण कारखान्याचे. एबेरॉनमध्ये जादू हा उद्योग आहे. विजेवर धावणारी गाडी, निरोप पोहोचवणारी केंद्रे, दिवे लावणारे कारागीर, आणि प्रत्येक धंद्यावर एकेका घराण्याची मक्तेदारी. युद्धासाठी एका घराण्याने लाकूड, दगड व धातूचे जिवंत सैनिक घडवले. तहाने त्यांना मुक्त केले आणि त्यांना घडवणाऱ्या भट्ट्या बंद करायला लावल्या. कागदावर ते स्वतंत्र आहेत. काही देशांत मात्र करारात बांधलेले मजूर म्हणूनच राबतात. कंत्राटी आणि कायम यांतला फरक जे रोज गेटपासून पाहतात, त्यांना या पात्राच्या तोंडी काय घालावे ते कोणत्याही पुस्तकाने शिकवायला नको.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. युद्धाच्या अखेरीस एक संपूर्ण देश एका दिवसात उद्ध्वस्त झाला. तो कशामुळे, हे प्रकाशकांनी जाणूनबुजून कधीच सांगितलेले नाही. कथेचा काळही त्यांनी पुढे सरकवला नाही. मधली जागा कायमची रिकामी ठेवली आहे, प्रत्येक टेबलाने स्वतः भरावी म्हणून.

एक व्यवहाराची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये मोठ्या वादानंतर खेळाच्या मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. एबेरॉन वा फरगॉटन रेल्म्स ही जगे त्यात नाहीत. घरी खेळायला कोणाची परवानगी लागत नाही, पण उद्या आपली मोहीम छापायची झाली तर नियम मोकळे आणि भूगोल मालकीचा, हे ध्यानात ठेवावे.

पुस्तक सर्वांनी वाचण्याची अट घालू नका. ती कोणी पाळत नाही. सूत्रधाराने शार्न या मनोऱ्यांच्या शहराचे प्रकरण तेवढे वाचावे. मनोऱ्यांच्या पायाशी, जमिनीखाली, लाव्ह्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या भट्ट्यांची वस्ती आहे. तिचे नाव ‘कॉग्ज’. मोहीम तेथे, पाळी बदलण्याच्या वेळेला सुरू करावी. आणि ज्या संध्याकाळी पाचांपैकी कोणाला अचानक रात्रपाळी लागेल, त्या संध्याकाळी त्याचे पात्रही भट्टीवर कामाला गेलेले असावे.