शिकागो येथील संगीतमंडपाचें स्थलांतर आणि नकाशावरील एक शेरा

जुन्या कागदांचा संग्रह करणारे आम्ही लोक नकाशा हातीं आला म्हणजे प्रथम गांवें, नद्या व हद्दी पाहतों. कडेला किंवा मोकळ्या जागेंत लिहिलेल्या शेऱ्याकडे आमची दृष्टि बहुधा मागाहून जाते. अशाच एका शेऱ्याचा अंमल अमेरिकेंतील एका मोठ्या शहराच्या भर मध्यवस्तींतील खुल्या संगीतमंडपावर कसा चालला, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा मंडप तीन वेळां व तीन ठिकाणीं उभा राहिला; शेरा मात्र जागचा हलला नाहीं.

मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठीं शिकागो शहर वसलें आहे. सरोवर व इलिनॉय नदी यांस जोडणाऱ्या कालव्याच्या खर्चासाठीं जमिनीचे तुकडे विकण्याचें काम कालव्याच्या आयुक्तांकडे होतें. १८३६ सालीं त्यांनीं केलेल्या नकाशांत मिशिगन ॲव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेची, काठालगतची जमीन विक्रीस काढलेली नाहीं. तीवर लिहिलेल्या शेऱ्याचा आशय असा कीं, ही सार्वजनिक जागा असून ती निरंतर खुली, मोकळी, आणि इमारत अगर दुसरा कोणताही अडथळा यांपासून मुक्त राहील. पुढें १८३९ सालीं उत्तरेकडील फोर्ट डिअरबॉर्न या लष्करी ठाण्याची जमीन संयुक्त संस्थानांच्या सरकारनें विकावयास काढली, तेव्हां तिच्या नकाशावरही काठच्या पट्टीपुरता शेरा आला. मात्र ती निरंतर इमारतींवांचून रिकामी राहावी, इतकेंच त्यांत म्हटलें आहे. दुसऱ्या अडथळ्याचा उल्लेख नाहीं. दोन शेऱ्यांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आपल्याकडील ताम्रपटांत दान आचंद्रार्क चालावें असें लिहून तें मोडणाऱ्यास शाप दिलेला असतो. शिलाहारांच्या शिलालेखांत तर गद्धेगाळ कोरून धाक घातलेला आढळतो. शिकागोच्या शेऱ्यांत निरंतर हा शब्द आहे, शाप नाहीं. त्याचें रक्षण कोणीं करावें हेंही तेथें लिहिलेलें नाहीं, आणि खरी अडचण तेथेंच उत्पन्न झाली.

१८५२ सालीं इलिनॉय सेंट्रल रेल्वेनें काठाच्या पुढें पाण्यांतूनच आपला लोहमार्ग नेला. १८७१ च्या प्रचंड आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा लोहमार्ग व काठ यांमधील पाण्यांत लोटण्यांत आला, व तेथें नवी जमीन निघाली. लेक पार्क म्हणविणाऱ्या या जागेस १९०१ सालीं ग्रँट पार्क हें नांव मिळालें. परंतु नांव उद्यानाचें असलें तरी बहुत काळपर्यंत तेथें तबेले, खोपटीं व कचऱ्याचे ढीग यांचेंच राज्य होतें.

ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याची पेढी या जागेसमोर होती. टपालानें माल पाठविण्याचा त्याचा धंदा १८७२ पासून चालूं होता. १८९० सालीं त्यानें शहराविरुद्ध दावा लावला, आणि १९११ पर्यंत एकामागून एक असे चार वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेऊन जिंकले. त्याच्या पक्षाचें सार असें : समोरच्या जागा ज्यांनीं विकत घेतल्या त्यांनीं हा शेरा पाहून त्या घेतल्या; तेव्हां तो शेरा म्हणजे नुसती इच्छा नव्हे, तें बंधन होय. न्यायालयानें हें मान्य केलें. इतकेंच नव्हे, तर भरावानें निघालेली नवी जमीनही त्याच बंधनाखालीं येते असें ठरविलें. मार्शल फील्ड यांच्या देणगींतून व्हावयाचें वस्तुसंग्रहालय उद्यानाच्या मध्यभागीं बांधण्याचा बेत यामुळेंच फसला, व तें दक्षिणेस दुसऱ्या भरावावर बांधून १९२१ सालीं खुलें झालें. लोकोपयोगी कामांत आडवा येणारा, अशी निंदा वॉर्डच्या वाट्यास आली. १९१३ सालीं तो वारला. सरोवरकाठाचा राखणदार हा त्याचा लौकिक मात्र मागें राहिला.

या बंधनांतून एक मोठी इमारत सुटली, ती आर्ट इन्स्टिट्यूटची. १८९३ च्या सप्टेंबरांत सर्वधर्मपरिषद भरली ती याच इमारतींत, आणि स्वामी विवेकानंदांचें सुप्रसिद्ध भाषण तेथेंच झालें. म्हणजे आपल्या वाचकांस ज्या स्थळाचें नांव पाठ आहे, तें या वादग्रस्त भूमीवरच उभें आहे.

आतां मंडपाकडे वळूं. १९३१ सालीं, आर्थिक मंदीच्या दिवसांत, उद्यानाच्या दक्षिण टोकास फील्ड संग्रहालयासमोर पहिला मंडप उभा राहिला. त्याची घडण शिंपल्यासारखी असून कॅलिफोर्नियांतील हॉलिवुड बोल या रंगस्थळाचा नमुना तिच्या पुढें होता. अशा घडणीचें कारण उघड आहे : खुल्या जागेंत वाद्यांचा नाद चोहोंकडे फांकून विरतो, मागील वक्र भिंत त्याला श्रोत्यांकडे परतविते. १ जुलै १९३५ पासून तेथें उन्हाळ्यांत विनामूल्य जलसे होऊं लागले. संगीतकारांच्या संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचा या उपक्रमांत मोठा भाग होता. वादकांस काम मिळावें व गरिबास संगीत मिळावें, असे दोन्ही हेतु त्यानें साधले.

या मंडपास दुसरीही एक स्मृति चिकटलेली आहे. २८ ऑगस्ट १९६८ रोजीं व्हिएतनाममधील युद्धाच्या विरोधकांची सभा याच मंडपापाशीं भरली असतां पोलिसांनीं तीवर लाठी चालविली. खुली जागा ही जशी गाण्याची, तशीच गाऱ्हाण्याचीही असते.

१९७८ सालीं मंडप हलला. नवा मंडप उत्तरेस, आर्ट इन्स्टिट्यूटच्या पूर्वेकडील बटलर फील्ड या मैदानांत झाला, व त्यास पेट्रिलो यांचें नांव आहे. स्थळ बाजारपेठेच्या जवळ आलें. परंतु १९६८ ची घटना ज्या वास्तूच्या साक्षीनें घडली ती नाहींशी झाली. वास्तु हलविली कीं तिच्याबरोबर नांव जातें, प्रसंग जात नाहीं. तो मागें मातींत राहतो. स्थळांचा इतिहास लिहिणाऱ्यानें हें विसरूं नये.

तिसरा मंडप १६ जुलै २००४ रोजीं उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यांतील मिलेनियम पार्कमध्यें खुला झाला. हा सुमारें २४॥ एकरांचा भाग लोहमार्ग व मोटारतळ यांवर छत घालून केलेला आहे. म्हणजे त्याची हिरवळ ही एका अर्थीं गच्चीवरची बाग होय. मंडपाचे स्थपति फ्रँक गेरी असून जे प्रिट्झकर यांचें नांव त्यास दिलें आहे. रंगपीठाभोंवतीं पोलादी पत्र्यांच्या वळलेल्या पट्ट्या १२० फुटांपर्यंत उंच गेल्या आहेत. समोर सुमारें ४,००० बैठका असून त्यांमागील हिरवळीवर आणखी ७,००० माणसें बसूं शकतात. हिरवळीवर पोलादी नळ्यांची विस्तीर्ण जाळी कमानींनीं पसरलेली आहे व ध्वनिवर्धक तीवर टांगले आहेत. त्यामुळें श्रोत्यांमध्यें एकही खांब आड येत नाहीं. रंगपीठावरील मूळ नाद दूर पोंचण्यास जो वेळ लागतो, तितकाच उशीर मागील ध्वनिवर्धकांस लावलेला असतो. त्यामुळें दोन्ही नाद एकदमच कानीं पडतात, व गाणें समोरूनच येत आहे असें वाटतें.

आतां प्रश्न असा कीं, वॉर्डनें चार वेळां जिंकलेल्या भूमीवर १२० फूट उंचीचें हें बांधकाम झालें कसें? याचें उत्तर असें कीं, मंडप ही इमारत नसून कलाकृति आहे असें ठरविण्यांत आलें. त्यामागील हॅरिस नाट्यगृह, जें २००३ सालीं सुरू झालें, तें मात्र बव्हंशीं जमिनीच्या पोटांत घालावें लागलें. एकाच शेऱ्यानें एका वास्तूस खालीं दडपलें व दुसरीस नांव बदलावयास लाविलें!

मीमांसकांचा नियम असा कीं, शब्दाचा मुख्य अर्थ संभवत असतां लक्षणेकडे जाऊं नये. या नियमानें पाहतां १८३६ च्या शेऱ्यांत या युक्तीस जागा नाहीं. कारण कलाकृति इमारत नसली तरी दुसरा कोणताही अडथळा या पदांतून ती सुटत नाहीं. १८३९ च्या शेऱ्यांत निषेध केवळ इमारतीचा आहे, तेथें थोडी फट राहते. नव्या मंडपाचें रंगपीठ उत्तरेस, रँडॉल्फ रस्त्याच्या बाजूस, म्हणजे दुसऱ्या शेऱ्याच्या सरळ रेषेंत येतें, ही गोष्ट लक्षणीय आहे. शब्दांपलीकडे जाऊन प्रयोजन पाहिलें तर लोकांस मोकळेपणानें येतां बसतां यावें हाच दोन्ही शेऱ्यांचा हेतु दिसतो. ज्या मंडपास भिंती नाहींत व जेथें १९३५ पासूनची विनामूल्य जलशांची वहिवाट चालूं आहे, तो या हेतूस बाधक नाहीं असें आमचें मत आहे.

तथापि नांव बदलून निषेध टाळण्याची वाट एकदां पडली म्हणजे ती रुंदावत जाते. पुढें मुलांचें एक संग्रहालय याच उद्यानांत, बरेचसें जमिनीखालीं, बांधण्याची योजना निघाली. २००८ सालीं नगरसभेनें तिला मान्यताही दिली, परंतु विरोध चालूं राहिला व २०१२ सालीं ती सोडून देण्यांत आली. या वादांतही विरोधकांचें मुख्य शस्त्र तोच जुना शेरा होता. शेऱ्यास बळ असतें तें तो वाचणारा व त्यासाठीं भांडणारा कोणी असेपर्यंतच.

आमच्या संग्राहक बंधूंस यांतून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. नकाशाची नक्कल उतरतांना रेषा तेवढ्या घेऊन कडेचा मजकूर गाळण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. कांहीं संग्रहांत तर फाटके कांठ कापून नकाशे चौकटींत बसविलेले आढळतात. शिकागोच्या नकाशाची नक्कल कोणीं अशा रीतीनें उतरली असती, तर त्या नकलेवरून वॉर्डला एकही दावा उभा करतां आला नसता, आणि मंडप कोठें व्हावा हा प्रश्नच पडला नसता. कारण तो व्हावयास मोकळी जागाच उरली नसती. म्हणून नक्कल करतांना शेरा अक्षरशः उतरावा, दोन प्रती असल्यास त्यांतील भेद नोंदवावा, व फाटका कांठ कापूं नये.