जन्मतारखेची उशिरा झालेली आठवण



३१ मे या दिवशी महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आणि शाळांत हारतुऱ्यांना भारी मागणी असते. त्या एकाच दिवशी कितीतरी माणसे सेवानिवृत्त होतात, कारण त्यांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून अशी लिहिलेली असते. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला नोकर नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मोकळा होतो. ही सारी मंडळी खरोखरच १ जूनला जन्माला आली असे कोणी म्हणणार नाही. शाळा जूनमध्ये उघडे. बाप पोराला हाताशी धरून आणी. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. हात पोचला की वय झाले! मग पटावर १ जून ही तारीख आणि अंदाजाचे साल पडे. गुरुजींच्या त्या एका फटकाऱ्यावर पुढे साठ वर्षांचा संसार उभा राहतो, याची कल्पना ना गुरुजींना असे, ना बापाला.

ही उणीव निव्वळ गुरुजींची नव्हे. आमच्या नागपूर प्रांतातली नोंदीची जुनी रीतच पाहू. बुटी घराण्याचे नाव धारण करणारी ही बुटीबोरी आज कारखान्यांची वसाहत म्हणून ओळखली जाते. पण मालगुजारीच्या काळात अशा गावात जन्ममृत्यूची खबर ठेवणारा माणूस म्हणजे कोतवाल. ठरल्या दिवशी तो आपली वही घेऊन पोलीस ठाण्यावर जाई, आणि तेथला मुन्शी त्याच्या तोंडून ऐकून नोंद उतरवून घेई. या कोतवाल बुकाची नक्कल काढावयास आजही लोक तहसीलीत खेटे घालतात. पण ती हाती आली की पुष्कळदा घोर निराशा होते. कारण नोंद अशी असते: बापाचे नाव, जात, गाव, आणि ‘मुलगा’. मुलाचे नाव नाही! बारसे व्हायच्या आधीच खबर ठाण्यावर गेलेली. आता त्या बापाला चार मुलगे झाले असतील, त्यांतला एक पाळण्यातच गेला असेल, तर हा ‘मुलगा’ कोणता, हे तीस वर्षांनी कोणी सांगावे? म्हातारी आई सांगते ते मानमोडीच्या साथीवरून किंवा नागपूरच्या काँग्रेसवरून. साथ १९१८ची आणि काँग्रेस १९२०ची, म्हणजे तेवढ्यात दोन वर्षे इकडची तिकडे. १८८६चा नोंदणीचा कायदा होता खरा, पण तो सर्वांवर सक्तीचा नव्हता. जन्माची नोंद सर्वत्र सक्तीने व्हावी असा कायदा १९६९ साली झाला आणि १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू झाला.

तारखेचा घोळ सरकारी नोकरीच्या दाराशी पहिल्याने गाजला तो मात्र विलायतेत, आणि त्यात एक मराठी माणूस होता. १८६९ साली सनदी नोकरीच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या सबबीवर कमी करण्यात आली. सुरेंद्रनाथांनी प्रवेशपरीक्षेच्या वेळी आपले वय सोळा लिहिले होते. त्या हिशेबाने ते एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडत होते. उत्तर साधे होते. आपल्याकडे चालू वर्ष सांगतात. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की मूल सोळा वर्षांचे! प्रकरण क्वीन्स बेंचपुढे गेले, हिंदू गणनेविषयी ईश्वरचंद्र विद्यासागरांसारख्यांच्या साक्षी गोळा झाल्या, आणि अखेर दोघांनाही परत घ्यावे लागले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या दोघांनी दारातच भांडण केले. नोकरी भोगून झाल्यावर, जाता जाता नव्हे.

पुढील काळात तंटे होऊ लागले ते बहुतांशी उलट्या टोकाला. नोकरीत शिरताना वय जास्त असलेले बरे, नाहीतर अठरा पुरी नाहीत म्हणून परत पाठवतील. निघताना वय कमी असलेले बरे. मनुष्यस्वभाव! केंद्र सरकारच्या एका कर्मचाऱ्याने १९५६ साली नोकरी धरली आणि १९९१ साली, निवृत्ती तोंडावर आली असता, आपण चार वर्षांनी लहान आहोत असा अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो फेटाळला: पस्तीस वर्षे स्वस्थ बसलेल्याला आता उठता यावयाचे नाही. केंद्राने १९७९ सालीच पाच वर्षांची मुदत घातली होती. महाराष्ट्राच्या १९८१च्या सेवानियमांतही तीच मुदत आली. १६ ऑगस्ट १९८१ रोजी वा त्यानंतर नोकरीत आलेल्याने पाच वर्षांच्या आत अर्ज करावा; आणि नोंद बदलायची ती दुसऱ्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे चुकली असेल किंवा उघड उघड लेखनदोष असेल तरच. याच नियमाच्या आधारे २०१० साली महाराष्ट्रातील एका नोकराच्या बाजूने झालेला उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २०२१ साली तर कर्नाटकातील प्रकरणात त्याने सांगितले की, पुरावा सबळ असला तरी अशी दुरुस्ती हक्क म्हणून मागता येत नाही.

हे ऐकून पुष्कळांना वाटेल, एवढी कठोरता कशासाठी? माणूस खरोखर १९५२ साली जन्मला असेल आणि पुस्तकात १९५० असेल, तर दोन वर्षांच्या पगाराने सरकार बुडते काय? सरकार बुडत नाही. बुडतो तो खालचा माणूस. १९९३ सालीच तामिळनाडूतील एका प्रकरणात न्यायालयाने हे नेमके बोट ठेवून दाखवले. वरची खुर्ची दोन वर्षे अधिक अडली की खालच्या कारकुनाची बढती तेवढी लांबते. त्या दोन वर्षांत तो स्वतःच निवृत्त झाला तर ती कायमची गेली. आणि त्या बिचाऱ्याला कोणी पक्षकारसुद्धा केलेले नसते. आम्हांला हा युक्तिवाद पटतो.

परंतु दुसरी बाजूही आहे. तारखेत फेरफार करण्याचा मोह सरकारलाही होतो. ओरिसाच्या वैद्यकीय खात्यातील एका महिला डॉक्टरांची जन्मतारीख सरकारने, त्यांना पुरी संधी न देता, १९१० वरून मागे १९०७ वर नेली आणि त्यांना १९६३ साली घरी बसवले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. आणि उमरेडकडच्या खाणींचा विचार करा, जिथला कोळसा बुटीबोरीवरून जाणाऱ्या फाट्याने येतो. राष्ट्रीयीकरणानंतर तेथे अंगठा उठवणारे मजूर हजारोंनी होते. त्यांचे वय खाणीच्या फॉर्म ‘बी’ रजिस्टरात कोणीतरी डोळ्यांच्या अंदाजाने लिहिलेले. म्हणून १९८८ साली कोळसा कंपन्यांनी वयाच्या निश्चितीसाठी स्वतंत्र सूचना काढली आणि कागद नसेल तेथे वैद्यकीय मंडळाकडे जाण्याची वाट ठेवली. अशा मजुराला ‘पाच वर्षे का झोपलास’ असे विचारणे आमच्या मते न्याय्य नाही. आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे वाचताच येत नसेल तर तो जागा कशाने होणार? याउलट जनरल व्ही. के. सिंग यांच्यासारखा सेनापती. शालान्त प्रमाणपत्रात १० मे १९५१, प्रबोधिनीच्या अर्जात १० मे १९५०. त्यांनी सरन्यायालयापर्यंत धाव घेतली, पण फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला आणि ते ३१ मे २०१२ रोजी निवृत्त झाले. बढत्या स्वीकारताना त्यांनी १९५० हीच तारीख मान्य केल्याचे कागद सरकारपाशी होते.

सेवापुस्तक दरवर्षी नोकराला दाखवावे आणि पाहिल्याची त्याची सही घ्यावी, असा नियम आहे. तो नीट पाळला जाता तर यांतली निम्मी भांडणे उद्भवलीच नसती असे आम्हांस वाटते. कित्येक कचेऱ्यांत सह्या घेतल्या जातात त्या पान न उलटता. शिपायाने कपाट उघडायचे, कारकुनाने बोट ठेवायचे, नोकराने बोटाखाली सही करायची! आणि पुढे कोर्टात तीच सही त्याच्या विरुद्ध उभी राहते.

आता २०२३च्या दुरुस्तीने ठरले आहे की १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला आणि सरकारी नोकरीला जन्मदाखला हाच एक पुरावा. त्यांतला सर्वांत थोरला उमेदवार अठरा वर्षांचा होऊन कचेरीच्या दाराशी येईल तो २०४१ साली. तोपर्यंत येणाऱ्यांच्या पुस्तकात शाळेच्या दाखल्यावरून तारीख लिहिली जाणार. ज्यांची मुले यंदा नोकरीत लागली असतील त्यांनी पहिल्या वर्षीच ते पुस्तक मागून घ्यावे आणि पहिले पान वाचून पाहावे. पाच वर्षे लवकर जातात.