दोन घोषणा आणि एक नागरिक

'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन घोषणा शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. या दोन्हींचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मुंबईचे युसुफ मेहेरअली मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हे नाव निघाले की मुलांचे चेहरे उजळतात. 'आपला माणूस' म्हणून ती खूश होतात. ही खुशी स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर मेहेरअलींना आपण एका यादीत बसवून मोकळे होतो. स्वातंत्र्यलढ्यातील मुसलमानांची ही यादी आपण १५ ऑगस्टच्या भाषणांतून वाचून दाखवतो. तिच्यामागे एक केविलवाणी धडपड असते, ती म्हणजे 'आम्हीही होतो' हे सिद्ध करण्याची. मेहेरअलींच्या आयुष्याचा रोख याच्या नेमका उलट आहे.

२३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या पणजोबांनी मुंबईतील सुरुवातीच्या कापड गिरण्यांपैकी एक गिरणी काढली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९२५ साली इतिहास व अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि पुढे कायद्याकडे वळले. विद्यार्थी असताना ते उभे राहिले ते कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध आणि गिरणी कामगारांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबाराविरुद्ध. गिरणी मालकाचा पणतू कामगारांच्या बाजूने बोलतो, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. फी सगळ्यांची वाढली होती आणि गोळी माणसाला लागली होती. तेथे जात आणि जमात विचारण्याचे कारणच नव्हते.

नोव्हेंबर १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने सायमन कमिशन नेमले. सात सदस्य, सातही इंग्रज. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा विचार होणार आणि त्यात एकही हिंदी माणूस नाही. काँग्रेसने बहिष्कार पुकारला. मुस्लिम लीगमध्ये मात्र फूट पडली. जीनांचा गट बहिष्काराच्या बाजूने, तर सर मुहम्मद शफींचा गट सहकार्याच्या बाजूने. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबई बंदरात उतरले. मेहेरअली आणि त्यांच्या यूथ लीगच्या तरुणांचा बेत कमिशनला होड्यांतून समुद्रातच गाठण्याचा होता. पोलिसांना त्याचा सुगावा लागला, तेव्हा हे तरुण हमालांच्या वेशात धक्क्यावर पोहोचले, असे सांगितले जाते. तेथे काळे झेंडे फडकले आणि ती तीन शब्दांची घोषणा घुमली. पुढे राजकीय कामामुळे मेहेरअलींना वकिलीची परवानगी नाकारण्यात आली.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९२८ सालच्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात याच कमिशनपुढे साक्ष दिली. प्रौढ मताधिकाराची मागणी त्यांनी लावून धरली. एकाने कमिशनला परत जा म्हटले, दुसऱ्याने त्याच्यापुढे आपले म्हणणे कागदावर मांडले. मुले विचारतात, दोघांत बरोबर कोण? आम्ही त्यांना म्हणतो, दोघांनी काय मागितले ते आधी पाहा. आमच्याबद्दलचा निर्णय आम्हाला वगळून होता कामा नये, हीच दोघांची मागणी होती. घोषणा आणि निवेदन ही नागरिकाची दोन हत्यारे आहेत. केव्हा कोणते उचलावे, हे ज्याचे त्याने परिस्थिती पाहून ठरवायचे.

मेहेरअली १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या प्रमुख नेत्यांपैकी होते. १९४२ साली लाहोरच्या तुरुंगातून सुटून ते मुंबईचे महापौर झाले. अखेरच्या लढ्याला नाव काय द्यावे, याची चर्चा त्या सुमारास चालू होती. कोणी 'गेट आउट' सुचवले, ते गांधीजींना असभ्य वाटले. राजाजींचा 'माघार घ्या' या अर्थाचा शब्दही पसंत पडला नाही. मग मेहेरअलींनी 'क्विट इंडिया' अशी अक्षरे कोरलेले धनुष्य गांधीजींना दिले आणि गांधीजींनी मान्यता दिली, अशी हकीकत सांगतात. ८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर, मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष असताना, ठराव मंजूर झाला. पहाटेपासून धरपकड सुरू झाली. मेहेरअलीही पुन्हा तुरुंगात गेले.

'क्विट' या शब्दाजवळ थोडे थांबावेसे वाटते. मराठीत या आंदोलनाला 'चले जाव' म्हणण्याची पद्धत पडली. उर्दूत आम्ही 'हिंदुस्तान छोड़ दो' शिकवतो. 'चले जाव'मध्ये हाकलणे आहे. 'छोड़ दो'मध्ये ताबा सोडण्याची मागणी आहे. इंग्रजी कायद्यात घरमालक भाडेकरूला जागा सोडण्याची जी नोटीस देतो, तिच्यातही हाच 'क्विट' शब्द असतो. कायदा शिकलेल्या मेहेरअलींच्या मनात हा अर्थ असेल, असा आमचा कयास आहे. त्या शब्दात विनवणी नाही, शिवीही नाही. घर आमचे आहे, मुदत संपली, जागा रिकामी करा, एवढेच तो सांगतो. मालकाला ओरडावे लागत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते की, ज्याच्याविरुद्ध घोषणा आहे त्यालाही ती समजली पाहिजे, म्हणूनच या दोन्ही घोषणा इंग्रजीत असाव्यात. तिचा मुद्दा आम्हाला मोलाचा वाटतो. आपल्याकडे तकरीर ऐकली जाते ती बहुधा आवाजासाठी. जलशात वाहवा मिळते, रक्त तापते आणि ऐकणारा जेथे होता तेथेच राहतो. आपल्याच माणसांना आपलेच म्हणणे पटवण्यात कसली कसोटी? समोरच्याला उत्तर देणे भाग पडावे, असा नेमका शब्द शोधणे ही खरी कसोटी. वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे आधी शिकवायला हवे.

शब्दांना वजन येते ते बोलणाऱ्याच्या वागण्याने. तुरुंगात मेहेरअलींना हृदयविकाराने गाठले. सरकारने त्यांना सेंट जॉर्ज इस्पितळात खास उपचार देऊ केले. सोबतच्या दोन आजारी कैद्यांनाही तीच सवलत द्या, अशी त्यांची अट होती. ती मान्य झाली नाही, म्हणून त्यांनी स्वतःसाठीही सवलत नाकारली. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

त्या घटनेने आपल्याला नागरिक केले. ते नागरिकत्व रोज कोणापुढे सिद्ध करीत बसण्याची गरज नाही. गरज आहे ती ते वापरण्याची. मोहल्ल्यात पाणी येत नसेल तर शेजारच्या वस्तीतही येते का, हे पाहून दोघांचा मिळून अर्ज करावा. शाळेला शिक्षक कमी असतील तर उर्दू, मराठी दोन्ही शाळांसाठी मागावेत. आपली मुले फक्त स्वतःच्या दुखण्यापुरती बोलायला शिकली तर ती कायम अर्जदार राहतील. सगळ्यांच्या प्रश्नावर, सगळ्यांना समजेल अशा शब्दांत बोलायला शिकली तर ती या घराची मालक म्हणून बोलतील. मेहेरअली तसेच बोलले होते.